वाचकांचे प्रश्न : बुरशीलाच विषाणू लागतो तेव्हा

प्रश्न : हरभऱ्याला दरवर्षी मर लागते, झाडे वाळून जातात. बुरशीला दुबळे करणारे विषाणू असतात असे वाचले. मग ते बाटलीत का मिळत नाहीत?
– एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : कारण बाहेरून त्यांना बुरशीत शिरताच येत नाही. बुरशीच्या पेशीभोवती कायटिनची चिवट भिंत असते. त्यामुळे असे बहुतेक विषाणू दोनच वाटांनी पसरतात : दोन बुरश्यांचे धागे एकमेकांना जुळले तर, किंवा बीजाणूंबरोबर (बुरशीचे बीसारखे सूक्ष्म कण) पुढच्या पिढीत. फवारलेला विषाणू मातीत पडून वाया जाईल.

धागे जुळणेही सोपे नाही. इथे सोयरीक सगोत्रातच होते! एकाच जातीच्या बुरशीचे दोन वाण पेट्री डिशमध्ये (प्रयोगशाळेतली उथळ बशी) शेजारीशेजारी वाढवा. ज्यांचे धागे आपसांत जुळतात त्या वाणांचा एक गट. गट एकच असेल तर दोघांच्या कडा एकमेकींत मिसळून जातात. गट वेगळे असतील तर भेटीच्या रेषेवरच्या पेशी मरतात, मधे एक पट्टा उठून दिसतो आणि विषाणू बहुधा तिथेच अडतो.

चेस्टनटच्या झाडांचे भवितव्य या पट्ट्यावर ठरले. सालीवर करपा आणणारी, मूळची आशियातली बुरशी १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात दिसली आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेतले चेस्टनट जवळजवळ संपले. इटलीत ती १९३८ मध्ये जिनोव्हाजवळ सापडली. पण तिथे १९५०च्या सुमारास काही झाडांच्या जखमा आपोआप भरून येताना दिसल्या. त्या जखमांतली बुरशी नेहमीसारखी नारिंगी नव्हती, पांढरट होती. तिच्यात विषाणू होता. फ्रान्समध्ये मग जखमेच्या कडेने सालीत भोके पाडून त्यांत ही पांढरी बुरशी भरण्याची पद्धत बसवली. युरोपात एकेका भागात बुरशीचे गट थोडे, म्हणून ती चालली. अमेरिकेत गट फार, म्हणून तीच पद्धत फसली. शिवाय हा विषाणू साध्या बीजाणूंत उतरतो, पण नर-मादी संकरातून होणाऱ्या बीजाणूंत उतरत नाही.

एक ठळक अपवाद आहे. मोहरीवर्गीय पिकांत खोड कुजवणाऱ्या स्क्लेरोटिनिया बुरशीत चीनमध्ये एक डीएनए विषाणू सापडला (२०१०). त्याचे कण बाहेरून लावले तरी बुरशीला लागण होते.

तुमच्या मरीची बुरशी फ्युजॅरियम. कार्नेशन या फुलझाडाच्या मर रोगाच्या फ्युजॅरियममध्ये तिला दुबळे करणारा विषाणू मिळाला आहे, पण वाटेची अडचण तिथेही आहेच. तोवर विजय, दिग्विजयसारखे मर-प्रतिकारक वाण पेरा आणि किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) चोळून सावलीत सुकवा. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावू नका. ते ट्रायकोडर्मालाही मारते. मरीची बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षे तग धरते, तेव्हा एका वर्षाच्या फेरपालटाने भागणार नाही.

प्रश्न : बटण मशरूमचे देठ लांब व वाकडे, टोप्या चिमुकल्या, बेडवर मधेमधे रिकामे ठिगळ. हा विषाणू का?
– एक मशरूम उत्पादक, पुणे

उत्तर : आधी हवा तपासा. कार्बन डायऑक्साइड साचला तरी देठ लांबतात आणि टोप्या लहान राहतात. पीक येताना तो १५०० पीपीएमच्या खाली ठेवा. हवा खेळती केल्यावर पुढचा फ्लश (मशरूमचा पुढचा बहर) सुधारला तर विषाणूचा संशय सोडा. ठिगळे तशीच राहिली, टोप्या वेळेआधी उघडू लागल्या, तर मात्र नमुना आरटी-पीसीआर तपासणीला द्या. ला फ्रान्स नावाचा हा रोग विषाणूमुळे होतो. बुरशीतले विषाणू पहिल्यांदा दिसले तेही अशाच रोगट मशरूममध्ये, १९६२ मध्ये इंग्लंडात.

इथेही वाट तीच : जुने धागे आणि बीजाणू. म्हणून टोपी उघडण्याआधी तोडणी करा. पीक संपले की खोली रिकामी करण्याआधी वाफ सोडून ७० अंश सेल्सिअसला १२ तास ठेवा. इथेच बहुतेकांची चूक होते : खोलीतल्या हवेचा आकडा पाहून वाफ बंद करतात, आणि कंपोस्टचा गाभा थंडच राहतो. थर्मामीटर गाभ्यात खुपसा. लाकडी ट्रेच्या फटींत उरलेले धागे पुढच्या स्पॉनशी (मशरूमच्या बियाण्याशी) जुळतात आणि रोग नव्याने सुरू होतो. असे मशरूम खाल्ल्याने माणसाला हा विषाणू लागत नाही.

प्रश्न : बुरशीतला विषाणू झाडाला लागू शकतो का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सहसा नाही. उलटे मात्र दिसले आहे : झाडांना लागणारा काकडीचा मोझॅक विषाणू चीनमध्ये बटाट्यावरच्या रायझोक्टोनिया बुरशीत सापडला (२०१७). आणि कधी बुरशीतल्या विषाणूमुळे झाडाचा फायदाही होतो. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये गरम झऱ्यांच्या काठी एक गवत ६५ अंश तापलेल्या मातीत टिकते. त्याच्या आत कर्व्ह्युलारिया बुरशी असते आणि बुरशीत विषाणू. गोठवून-वितळवून बुरशीतला विषाणू काढला, तेव्हा तीच बुरशी असूनही गवत त्या उष्णतेत तगले नाही. विषाणू परत घातल्यावर पुन्हा तगले. आणि तो परत घातला तोही धागे जुळवूनच.