हॉट रॉडचं स्टिअरिंग: रिमच्या आधी हब बघा

तुमची हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी बदलून वेगवान केलेली: 1932 च्या फोर्डची चासी (खालचा सांगाडा), वर 1931 ची मॉडेल ए रोडस्टर, गाडी 1948 सालची वाटायला हवी, आणि हातात आलेलं 1940 च्या फोर्डचं स्टिअरिंग तडकलेलं. ते चाक, रिम (हातात धरायची कडा) नव्याने ओतून देणाऱ्या वर्कशॉपला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच जागी अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. पाठवा, पण हबला (मधल्या, शाफ्टवर बसणाऱ्या भागाला) हात लावणार नाही असं त्यांच्याकडून लेखी घेऊन मगच पाठवा.

पुलर (चाक उपसायचं अवजार) कसा लावायचा वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

निवड तुमची अगदी बरोबर आहे. हॉट रॉड बनवणारी कॅलिफोर्नियातली त्या काळातली पोरं भंगारातून नव्या फोर्डचे भाग काढून जुन्या फोर्डला लावायची. त्यामुळे 1932 च्या गाडीत 1940 चं स्टिअरिंग दिसणं हेच त्या काळाला धरून आहे. दुसरा खरा पर्याय म्हणजे बेल ऑटो पार्ट्सचं चार आऱ्यांचं रेसिंग स्टिअरिंग. रॉय रिक्टरने ते दुकान 1945 मध्ये घेतलं, आणि ड्राय लेकवर, म्हणजे कोरड्या तलावाच्या सपाट तळावर, धावणाऱ्या गाड्यांत ही स्टिअरिंगची चाकं पुष्कळ दिसतात. लिंकन झेफिरचं बारीक तारांच्या आऱ्यांचं ‘बँजो’ स्टिअरिंगही शोभतं. पण 1950 च्या फोर्ड क्रेस्टलायनरचं स्टिअरिंग कोणी कितीही गळ्यात मारलं तरी घेऊ नका. देखणं आहे, पण 1948 मध्ये ते चाक जन्मालाही आलेलं नव्हतं. चमचमत्या मेटलफ्लेकची चाकं साठच्या दशकातली आणि बिलेट (अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेल्या) ॲल्युमिनियमची ऐंशीच्या. शंका आली तर 1948 ते 1950 चे ‘हॉट रॉड’ मासिकाचे अंक बघा. एल मिराज या ड्राय लेकवरचे फोटो असतात, त्यात डॅशबोर्ड नीट दिसतो. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा माझा त्या फोटोंवर जास्त विश्वास आहे.

आता त्या वर्कशॉपबद्दल. नाव लिहीत नाही. माझ्या रिमचं प्लास्टिक आकसून आतल्या लोखंडी सांगाड्यावर ठिकठिकाणी फाटलं होतं, या वयाच्या चाकांचं ते नेहमीचंच दुखणं. काम फक्त रिमचं होतं आणि तसं पार्सलमधल्या चिठ्ठीत लिहिलं होतं. चाक परत आलं ते आरशासारखं चकचकीत. पण रिमच्या खालच्या बाजूला बोटांसाठी असलेल्या खाचा भरून सपाट केलेल्या, आणि हब आतून कोरून मोठा करून त्यात सरळ भोकाचं बुश (धातूची छोटी नळी) ठोकलेलं! साच्यात चाक धरायला सोपं जावं म्हणून ‘आम्ही सगळ्याच हबना असं करतो’, हे त्यांचं उत्तर. फोनवर एक माणूस दुसऱ्याकडे ढकलायचा, दुसरा म्हणायचा की आधीचे फोटो आमच्या रेकॉर्डला नाहीत. पैसे परत मिळाले नाहीतच, वर उन्हाळ्याचा अख्खा सीझन गाडी स्टिअरिंगविना उभी राहिली.

ज्यांना यात विशेष काही वाटणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या स्टिअरिंग कॉलमचा शाफ्ट टेपरचा, म्हणजे टोकाकडे निमुळता आहे, अर्धचंद्राकृती चावीचा (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याचा). चाकाची पकड त्या टेपरच्या घट्ट बसण्यातून येते. चावी जागा ठरवते आणि नट दाब देतो. टेपर गेला की चाक चावी आणि नटाच्या भरवशावर राहतं, हळूहळू खेळायला लागतं आणि एक दिवस चावी कापली जाते. हे ज्याला कळत नाही त्याने कोणाच्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी टेपर बसवायला भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये शिकलो. तिथे शाफ्टला मार्किंग ब्लू लावून हब चढवायचा, काढून डाग बघायचा, सगळीकडे सारखा निळा उमटला तरच काम पुढे. तुमचं चाक परत आल्यावर पहिली गोष्ट हीच करा. तुमचा शाफ्ट स्प्लाइनचा (उभ्या दातांचा) असेल तर ॲडॉप्टर लागेल, तो वेल्ड केलेला नको.

व्यासाबद्दल मतं वेगळी असतील. मूळ चाक साधारण 17 इंचांचं, नक्कल 15 इंचांतही मिळते. रोडस्टरमध्ये मांड्यांना जागा कमी, म्हणून लोक लहान घेतात. पण पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंग करताना खांदे बोलतात. मी मोठंच ठेवलं. तुमची उंची जास्त असेल तर माझं ऐकू नका.

आणखी एक, जे कोणी आधी सांगत नाही. मॉडेल ए आणि 1932 च्या गाडीत हेडलाइटचा स्विच आणि हॉर्न चाकाच्या मधोमध असतात, स्विचची दांडी कॉलममधून थेट खाली जाते. 1940 चं चाक लावलंत की दिव्यांसाठी डॅशवर वेगळा स्विच हवाच. हॉर्नची वायरही चाक बसवण्याआधी ओढून ठेवा, नंतर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

मी तुमच्या राज्यातला परवानाधारक मेकॅनिक नाही, तिथल्या तपासणीचे नियम तुम्हीच बघा. पण हे कॉलम एकसंध सळईसारखे आहेत. धडकेत दबणारे कॉलम अमेरिकेत 1968 पासून सक्तीचे झाले. त्यामुळे सीट बेल्टचे पट्टे बसवा, काळाला धरून नसले तरी बसवा, आणि छातीकडे टोक येणारं हॉर्नचं बटण लावू नका.

वर्कशॉपला फोन कराल तेव्हा दर विचारण्याआधी एवढंच विचारा की ओतताना चाक साच्यात कशावर धरता. ‘हबच्या मूळ टेपरवर, मँड्रेल (हबमध्ये बसणारा दांडा) लावून’ असं उत्तर आलं तर बोलणं पुढे न्या. हबचे, चावीच्या खाचेचे आणि खालच्या बोटखाचांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा, आणि पार्सल करण्याआधी ते त्यांना ईमेलने पाठवून पोच मागून घ्या.