पासपोर्ट आधी की वास्तव्याचा परवाना?

तुमच्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत दोन महिन्यांनी आणि पासपोर्टची सात महिन्यांनी संपते. अशा वेळी आधी कशाचे नूतनीकरण करावे, आणि परवान्याचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जाऊन येता येते का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की पासपोर्टचा अर्ज या आठवड्यातच करा, पण नवा पासपोर्ट हाती येण्याची वाट पाहत परवान्याचा अर्ज अडवून ठेवू नका.

पासपोर्टची घाई अशासाठी की बऱ्याच देशांत परवान्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. हे मी स्वतः भोगले आहे. नोकरीचा करार तीन वर्षांचा होता, म्हणून परवानाही तेवढाच मिळेल असे मी गृहीत धरले होते. हातात आलेल्या कार्डावर मात्र जेमतेम नऊ महिन्यांनंतरची तारीख होती, कारण माझा पासपोर्ट त्याच दिवशी संपत होता. यात कार्यालयाची काहीच चूक नव्हती. शुल्क, छायाचित्रे, बोटांचे ठसे आणि भेटीची वेळ मिळावी म्हणून पहाटे उठून संगणकासमोर बसणे, हे सारे मला वर्षाच्या आत दुसऱ्यांदा करावे लागले. अमेरिकेत हाच प्रकार विमानतळावर घडू शकतो. तिथला अधिकारी आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत पासपोर्ट संपण्याचीच तारीख घालतो आणि व्हिसावर त्यापुढची तारीख छापलेली असल्यामुळे अनेकांच्या ते लक्षातही येत नाही. प्रत्यक्षात किती दिवस राहता येईल हे आय-९४ वरून ठरते; व्हिसा हा केवळ दारापर्यंत येऊन प्रवेश मागण्यापुरता असतो.

आता परवान्याचा अर्ज का थांबवायचा नाही, ते सांगतो. जुनी मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल झाला की नाही, यावरच तुमचे मधल्या काळातील वास्तव्य कायदेशीर ठरते. जर्मनीत वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ नुसार मुदतीत अर्ज केलेल्या व्यक्तीचा जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू असल्याचे मानले जाते, आणि त्याचा पुरावा म्हणून ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा दाखला मिळतो. (नाव उच्चारता आले नाही तरी बिघडत नाही, तो मागून घ्यायला मात्र विसरू नये.) ब्रिटनमध्ये १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम ३सी साधारण हेच काम करते. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण आपोआप मिळत नाही, मग कारण कितीही खरे असो. म्हणून आहे त्या पासपोर्टवर अर्ज भरा, नव्या पासपोर्टसाठी अर्ज केल्याची पावती सोबत जोडा आणि नवा क्रमांक मिळताच तो लेखी कळवा. कळवल्याची पोचही जपून ठेवा. नव्या पासपोर्टवर नावाचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर पूर्वीसारखेच आहे ना, हे पासपोर्ट हाती येताच पाहा. तिथे फरक पडला तर दोन कार्यालयांतील नोंदी जुळेनाशा होतात.

प्रवासाबद्दल मात्र कोणा परिचिताच्या अनुभवावर विसंबू नका, कारण देशागणिक नियम अगदी उलट आहेत. ब्रिटनमध्ये असा अर्ज प्रलंबित असताना तुम्ही आयर्लंडसह असलेल्या सामाईक प्रवासक्षेत्राबाहेर गेलात, तर अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते. ऑस्ट्रेलियात अर्ज प्रलंबित असतानाच्या काळासाठी मिळणारा ‘ब्रिजिंग व्हिसा ए’ हा तात्पुरता व्हिसा असताना देश सोडला की तो व्हिसाच संपतो. परत यायचे असेल तर निघण्यापूर्वी ‘ब्रिजिंग व्हिसा बी’ मिळवावा लागतो. जर्मनीतील दाखल्यावर कोणत्या चौकटीत खूण केली आहे, हे पाहावे लागते: जुन्या परवान्याची मुदतवाढ मागितलेल्याला त्या दाखल्यावर परत येता येते, पण व्हिसाशिवाय तिथे पोचून पहिल्यांदाच परवाना मागणाऱ्याचा दाखला दिसायला तसाच असूनही पुनःप्रवेशाचा अधिकार देत नाही. तुम्ही देशाचे नाव लिहिलेले नाही, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी तुमचा अर्ज कोणत्या प्रकारात मोडतो, हे त्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. शिवाय नूतनीकरणासाठी वकिलातीने जुना पासपोर्ट ठेवून घेतला, तर तेवढे दिवस प्रवासाचा प्रश्नच उरत नाही.

तो पासपोर्ट देण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाची प्रत काढा, कोरी पानेसुद्धा सोडू नका, आणि रद्द केल्याचा शिक्का मारून का होईना, तो परत मिळावा अशी विनंती अर्जाबरोबरच करा. त्यावर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर नवा आणि जुना असे दोन्ही पासपोर्ट दाखवून तो वापरता येतो. पुढे कायम वास्तव्यासाठी अर्ज कराल तेव्हा गेल्या अनेक वर्षांतील ये-जा तारखांसह मागितली जाण्याची बरीच शक्यता असते, आणि त्या तारखा याच जुन्या शिक्क्यांवरून उतरवून घ्याव्या लागतात.