14.4 दिसतंय म्हणजे बॅटरी फुल झाली का? नॅरोबोटवाल्यांचे विजेचे प्रश्न

ऑक्टोबर सरत आला, घड्याळं मागे गेली की इंग्लंडमधल्या कॅनॉलवर राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या पत्रांत एकच विषय असतो, वीज पुरत नाही. ज्यांनी नॅरोबोट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, ही लोखंडी बोट रुंदीला जेमतेम 7 फूट (जुन्या कॅनॉलची लॉकंच, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, तेवढी अरुंद), लांबीला कधी कधी 70 फूट, आणि आत किचन, बाथरूम, बेडरूम सगळं घर. मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, बांधलेली नसेल तर बाहेरून वायर येत नाही, वीज आपणच बनवायची आणि बॅटरीत साठवून वापरायची.

प्रश्न: दादा, आम्ही नवराबायको दोघं आयटीत, केनेट अँड एव्हन कॅनॉलवर बोटीत राहतो, दोघंही बोटीवरूनच काम करतो. 110 अँपअवरच्या चार लेड (शिशाच्या) बॅटऱ्या गेल्या वर्षी नव्या टाकल्या. रोज संध्याकाळी 7 ते 8 इंजिन चालवतो, मॉनिटरवर 14.4 व्होल्ट येतात म्हणजे फुल झाल्या असं धरून बंद करतो, तरी पहाटे हीटर चालू होत नाही आणि फ्रिज बीप करतो. बॅटऱ्याच खराब निघाल्या का? (रीडिंगजवळून एक वाचक)

बॅटऱ्या खराब निघाल्या नाहीत, पण असंच चालू राहिलं तर होतील, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खर्च बघू. 12 व्होल्टचा फ्रिज दिवसाला साधारण 40 अँपअवर (एक अँप तासभर वाहिला की एक अँपअवर) खातो, दिवे 10, पाण्याचा पंप 5, डिझेल हीटर 15, दोन लॅपटॉप आठ आठ तास चालले तर इन्व्हर्टरमधली गळती धरून 80, राउटर चोवीस तास चालू म्हणजे 20, आणि जो कोणीच धरत नाही तो खर्च म्हणजे इन्व्हर्टर स्वतः, काही लावलेलं नसलं तरी तो तासाला एक अँप घेतोच, म्हणजे अजून 25. झाले 195. आता जमा बघा, तुमचा ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) समजा 90 अँपचा असला तरी गरम झाला की 90 देत नाही, तासाभरात 60 अँपअवर मिळाले तरी खूप. रोज 195 काढायचे आणि 60 घालायचे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे हीटर बोंबलणारच, कारण त्याचा ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) सुरुवातीची दोन मिनिटं भरपूर करंट ओढतो, तेवढ्यात व्होल्टेज खाली गेलं की हीटर स्वतःच बंद होतो. हीटरवाल्याला बोलावून पैसे घालवू नका.

आता 14.4 चं. तो आकडा चार्जिंगचा आहे, ऑल्टरनेटर किती जोराने ढकलतोय ते त्यावरून कळतं, बॅटरी किती भरली ते कळत नाही. लेड बॅटरी भरताना बदलापूरहून सकाळची लोकल भरते तसं होतं, पहिल्या स्टेशनांवर माणसं पटापट चढतात आणि डोंबिवलीला एकेकाला आत घ्यायला वेळ लागतो. 80 टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर करंट घेते, त्यानंतर व्होल्टेज 14.4 वरच राहतं पण आत जाणारे अँप कमी कमी होत जातात, आणि या शेवटच्या 20 टक्क्यांना तीन-चार तास सहज लागतात. तिथे मोठा ऑल्टरनेटर लावूनही उपयोग नाही, बॅटरी घेतच नाही, तिथे फक्त वेळ द्यावा लागतो. म्हणून अँप बघा. व्होल्टेज 14.4 वर असताना आत जाणारा करंट बँकेच्या, म्हणजे सगळ्या बॅटऱ्या मिळून होणाऱ्या अँपअवरच्या, 1 ते 2 टक्क्यांवर आला, म्हणजे तुमच्या 440 च्या बँकेला साधारण 5 ते 9 अँप, की मगच फुल म्हणायचं. अँप दाखवणारा शंटवाला मॉनिटर नसेल तर सगळ्यात आधी तो घ्या, माझ्या मते बोटीवर याच्याइतका वसूल होणारा दुसरा खर्च नाही. नुसत्या व्होल्टेजवरूनच बघायचं असेल तर चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद ठेवून काही तासांनी बघा, 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, आणि लेडला अर्ध्याच्या खाली उतरवू नका.

अर्धवट भरून ठेवलं की प्लेटवर सल्फेट साचतं, पहिले काही दिवस ते विरघळतं, नंतर घट्ट होऊन बसतं आणि 110 ची बॅटरी 60 ची होऊन जाते. कॅनॉलवरच्या बहुतेक बॅटऱ्या अशाच मरतात आणि लोक कंपनीला नावं ठेवतात.

मग करायचं काय? तुम्ही 7 ते 8 का चालवता ते कळतंय, रात्री 8 ते सकाळी 8 आजूबाजूला बोटी असताना इंजिन चालवू नये असं कॅनॉल सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या अटींतच आहे आणि ते बरोबरच आहे, शेजारी झोपलेले असतात. पण मग संध्याकाळचं सोडा आणि सकाळी 8 ला चालू करा. रात्रभर उतरलेली बॅटरी तेव्हा सगळ्यात जास्त करंट घेते, दोनअडीच तासांत मोठा हिस्सा आत जातो, आणि पुढचं हळू हळू घेणं, सोलर असेल तर, दिवसभर त्यावर सोडता येतं, हे मार्च ते सप्टेंबर मस्त जमतं. हिवाळ्यात सोलरचा भरवसा नाही, तेव्हा आठवड्यात एक दिवस सहासात तास सलग बोट चालवा. तशीही 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टप्रमाणे कायमचं मूरिंग (बोट बांधायची जागा) नसलेल्यांना एका जागी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाहीच, मग हलताना एका तासात पुढच्या पुलापाशी थांबण्यापेक्षा लांबचा पल्ला मारा.

आणि खर्च कमी करा, ते चार्जिंग वाढवण्यापेक्षा सोपं आहे. लॅपटॉपला 12 व्होल्टवर चालणारा यूएसबी-सी चार्जर मिळतो, राउटर बहुधा 12 व्होल्टचाच असतो (लेबल बघून घ्या), हे दोन्ही थेट बॅटरीवर घेतलं की इन्व्हर्टर दिवसभर बंद ठेवता येतो. एवढ्यानेच 40 च्या आसपास वाचतील.

अजून एक, चार बॅटऱ्या जोडताना प्लसची मोठी वायर एका टोकाच्या बॅटरीवरून आणि मायनसची दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घेतलीय का ते बघा. दोन्ही एकाच बॅटरीवरून असतील तर ती एकटी राबते आणि आधी जाते. चार्जिंग चालू असताना एखादी बॅटरी हाताला गरम लागली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच चार्जिंग बंद करून हवा खेळती करा आणि ती बॅटरी काढून टाका, यात चालढकल करू नका, तो वायू विषारी असतो.

प्रश्न: सासूसासरे सांगलीहून उन्हाळ्यात येणारेत. बोटीवर मिक्सर चालेल का? चटण्या, इडलीचं पीठ असं सगळं लागतं. आणि चहासाठी इलेक्ट्रिक किटली? (ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून एक वाचक)

मिक्सर बिनधास्त चालवा. भारतातला मिक्सर 230 व्होल्ट 50 हर्ट्झवर चालतो आणि इथेही तेच, फक्त प्लग बदलायचा. 750 वॉटचा मिक्सर पाच मिनिटं फिरला तर 5-6 अँपअवर गेले, काहीच नाही. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्ह आणि 1500 वॉटचा तरी असू द्या कारण मोटर चालू होताना एकदम जास्त ओढते. किटलीचं गणित वेगळं, 2 किलोवॉटची किटली 12 व्होल्टच्या बॅटरीतून 170 ते 190 अँप खेचते, बॅटरी अर्धी असेल तर व्होल्टेज कोसळून इन्व्हर्टर बंद. चहा गॅसवर करा, कुकरही गॅसवरच. इडलीचं पीठ दळायचं तर सकाळी इंजिन चालू असताना दळा. फक्त गॅस पेटला की खिडकी उघडी असू द्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टेस्ट करून ठेवा, राहायची सोय असलेल्या बोटींना तो एप्रिल 2019 पासून सक्तीचा आहे.

प्रश्न: छतावर 400 वॉट सोलर आहे, जूनमध्ये दुपारीच बॅटरी फुल होते. मग डिसेंबरमध्ये 800 वॉट केलं की काम भागेल ना?

नाही भागणार. डिसेंबरमध्ये लंडनच्या पट्ट्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त 15 अंश वर असतो, जूनमध्ये 62, आणि तुमची पॅनल छतावर सपाट झोपलेली. जूनच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतकी वीज मिळते, म्हणजे 400 वॉटवर दिवसाला सरासरी 15-20 अँपअवर, ढगाळ दिवशी त्याहून कमी. दुप्पट केलं तरी 30-40, तेवढ्यात फ्रिज भागेल. पैसे असतील तर जरूर लावा, पण इंजिनला पर्याय म्हणून नको. त्याआधी फुकटची कामं करा, पॅनल तिरकी उभी करता येतील असे ब्रॅकेट असतील तर दक्षिणेकडे वळवा, झाडाखाली मूर करू नका, आणि पॅनल एकामागोमाग एक जोडलेली असतील तर धुराच्या चिमणीची सावली एकावर पडली तरी बाकीच्यांना फटका बसतो, ते जोडणाऱ्याकडून तपासून घ्या.

प्रश्न: लेड काढून त्याच जागी लिथियम ठेवली की झालं, असं विकणारा सांगतोय. खरं आहे का?

अर्धं खरं. लिथियम, म्हणजे बोटींत वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट, हिवाळ्यात बोटीवर राहणाऱ्याला खरंच सुख देते कारण तिला अर्धवट भरलेलं चालतं. 50 ते 80 टक्क्यांत महिनाभर फिरली तरी सल्फेटची भानगड नाही, उलट कायम 100 वर ठेवणंच तिला मानवत नाही. आणि शेवटपर्यंत भरभर करंट घेते, म्हणजे वरच्या पत्रातला तीन-चार तासांचा त्रास जवळजवळ संपला.

पण याच गुणामुळे ऑल्टरनेटर जळतो. लेड थोड्या वेळाने मागणी कमी करते, लिथियम करत नाही, आणि मूर केलेल्या बोटीत इंजिन कमी आरपीएमवर, पंखा हळू, हवा गरम, त्यात ऑल्टरनेटर तासन्‌तास फुल लोडवर. म्हणून मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर किंवा तापमान बघून आवर घालणारा रेग्युलेटर लागतोच. दुसरं, बॅटरीच्या आतल्या बीएमएसने (बॅटरीला जपणाऱ्या सर्किटने) चार्जिंग चालू असताना बॅटरी एकदम तोडली तर ऑल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून डायोड जातात. तिसरं, शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते, आणि लोखंडी बोटीची इंजिनरूम जानेवारीत तेवढी गार होते, तेव्हा बॅटरी केबिनच्या बाजूला आत घ्या किंवा हीटिंग असलेली घ्या. इंजिन स्टार्टची बॅटरी लेडचीच आणि वेगळीच राहू द्या. काम बोटीच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवा. नुसती बॅटरी ठेवून जाणाऱ्याला हात लावू देऊ नका.

प्रश्न: मरीनात शोअरलाइन (किनाऱ्यावरून येणारी विजेची वायर) आहे, कायम लावून ठेवली तर चालेल?

चालेल, चार्जर चांगला असेल तर तो आपोआप फ्लोटवर, म्हणजे 13.5 च्या आसपास येतो, आणि लेड बॅटऱ्यांना ही चैनच आहे. फक्त गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे ना ते बघा. नाहीतर अर्थच्या वायरने तुमची बोट शेजारच्या बोटींना जोडली जाते, बारीक करंट वाहायला लागतो आणि तुमचे मॅग्नेशियमचे ॲनोड (पत्र्याऐवजी झिजायला लावलेले तुकडे) झिजतात, ते संपले की बोटीचा पत्रा झिजायला लागतो. ॲनोड पाण्याखाली असतात, म्हणून बोट वर काढली की आवर्जून बघा.

प्रश्न: आम्ही पुण्याहून जूनमध्ये आठवडाभर लँगॉलेन कॅनॉलवर भाड्याची नॅरोबोट घेतोय, सोबत दोन मुलं. बॅटरीचं काही शिकून यावं लागेल का?

फार नाही. तुम्ही रोज पाचसहा तास बोट चालवणार, तेवढ्यात बॅटरी आपोआप चार्ज होते. मुलांचे फोन-टॅब दिवसा बोट चालू असताना चार्जिंगला लावा, रात्री नको. ताब्यात घेताना तिथल्या माणसाला इन्व्हर्टरचा स्विच कुठे आहे आणि किती वॉटपर्यंत चालेल हे विचारून घ्या, तो दाखवतोच. हेअर ड्रायर आणि इस्त्री पुण्यातच ठेवा.