बाळ रांगायला लागलं आणि कुत्रा गुरगुरला

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

प्रश्न : आम्ही सुदामानगरात सासू-सासऱ्यांसोबत राहतो. घरात पाच वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे, ब्रूनो. मुलगी दहा महिन्यांची, हल्ली भराभर रांगते. दुपारी सगळे कूलरच्या खोलीत असतो, ब्रूनोही तिथेच फरशीवर पसरलेला असतो. परवा ती त्याच्या कमरेवर हात टेकून उभी राहायला गेली आणि तो गुरगुरला. सासऱ्यांनी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला दोन फटके दिले. सासूबाई म्हणतात, ‘तो काही करत नाही गं, पिल्लू होता तेव्हापासून घरात आहे.’ मिस्टर म्हणतात, देऊन टाकू कुणालातरी. मला दोन्ही पटत नाही. काय करू?
– एक आई, इंदूर

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे आणि वेळेवर जागी झाली आहे. अजून कुणाला इजा झालेली नाही, तेव्हा करण्यासारखं सगळं अजून तुमच्या हातात आहे.

आधी त्या गुरगुरण्याचं बघू. ब्रूनो त्या दुपारी वाईट वागला नाही. मला हे सहन होत नाहीये, हिला बाजूला घ्या, एवढंच त्यानं सांगितलं आणि दात न लावता सांगितलं. त्यावर त्याला मार बसला. असं चार वेळा झालं की कुत्रा गुरगुरणं सोडून देतो, मनातली धास्ती मात्र तशीच राहते. मग एखाद्या दिवशी तो आवाज न करता चावतो. ‘अचानक चावला हो डॉक्टर’ असं सांगत लोक माझ्याकडे येतात. जरा खोदून विचारलं की कळतं, तो आधी गुरगुरत होता, घरच्यांनी मारून ते बंद केलं. सासऱ्यांचा हात नातीच्या काळजीनंच उठला असणार, म्हणून त्यांना दोष न देता सांगा : पुढच्या वेळी तो गुरगुरला तर बाळाला उचलायचं, ब्रूनोला नेहमीच्या आवाजात हाक मारून दुसऱ्या खोलीत न्यायचं. शिक्षा नाही, ओरडणं नाही.

गुरगुरण्याच्या आधीही तो बोलत असतो. बाळ जवळ आलं की तोंड फिरवतो, समोर खाणं नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, कान मागे टाकतो, डोळे असे वळवतो की कडेचं पांढरं दिसायला लागतं. उठून निघून जातो, तेव्हा तर तो फार शहाणपणानं वागत असतो. त्याच्या मागे बाळाला जाऊ देऊ नका. यातलं मला सर्वांत घाबरवणारं लक्षण म्हणजे गोठणं. अंग ताठ, तोंड मिटलेलं, हालचाल बंद. त्या वेळी शेपूट हलत असली तरी तो खुशीत आहे असं समजू नका. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ही लक्षणं ओळखता आली पाहिजेत, आजोबांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. ब्रूनो गुणी असेल, मला शंका नाही. पण पाळण्यातलं बाळ आणि रांगणारं बाळ हे त्याच्या दृष्टीनं दोन वेगळे जीव आहेत. पाळण्यातलं एका जागी असतं. रांगणारं अंगावर येतं, मुठीत केस धरतं, डोळ्यात बोट घालतं, किंचाळतं आणि त्याचा चेहरा थेट कुत्र्याच्या तोंडासमोर असतो. लहान मुलांना चावणारे कुत्रे बहुतेक वेळा घरचे किंवा ओळखीचेच असतात, आणि या वयात जखमा चेहऱ्यावर, डोक्यावर, मानेवर होतात, त्या याच कारणानं. तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्यानं नुसता धक्का दिला तरी दहा महिन्यांचं मूल फरशीवर आपटेल. म्हणून मी कुत्र्याच्या स्वभावावर भिस्त ठेवत नाही, घराच्या मांडणीवर ठेवते.

नियम एकच, आणि त्याला सूट नाही : बाळ आणि ब्रूनो एका खोलीत असतील तर एक मोठा माणूस जागा, हाताच्या अंतरावर आणि हातात मोबाइल नसलेला हवा. हे जमणार नसेल तर दोघांच्या मध्ये दार किंवा जाळी हवी. तुमची कूलरच्या खोलीतली दुपार म्हणूनच मला सगळ्यांत धोक्याची वाटते. सगळे पेंगुळलेले, कुत्रा उन्हानं आधीच हैराण, थंड फरशी एवढीशी, आणि बाळ तेवढं टक्क जागं.

सुताराकडून दाराच्या चौकटीत बसेल असं जाळीचं छोटं फाटक करून घ्या. कमरेपेक्षा उंच करा, शेफर्ड सहज उडी मारतो. गज उभे असू देत, आडव्या पट्ट्यांवर मूल पाय देऊन चढतं. दोन गजांमधून बाळाचं डोकं जाणार नाही एवढंच अंतर ठेवा आणि कडी वरच्या बाजूला बसवा. ब्रूनोची जागा फाटकाच्या पलीकडे, पण कूलरचा वारा पोचेल अशी. मे महिन्यात त्याला गच्चीत किंवा तापलेल्या गॅलरीत टाकू नका. चाळीसच्या वर पारा गेल्यावर इतके केस असलेल्या कुत्र्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. खोलीच्या कोपऱ्यात साखळीनं बांधायची कल्पना कुणी काढली तर साफ नाही म्हणा. बांधलेल्या कुत्र्याला निघून जाता येत नाही, बाळाला मात्र त्याच्यापर्यंत जाता येतं. आणि त्याची गादी त्याचीच. तिथे बाळ कधीच जाणार नाही, हे त्याला अनुभवानं कळू द्या.

खाण्याच्या वेळा वेगळ्या करा. ब्रूनोचं ताट बंद दाराआड, आणि खाऊन झाल्यावर ताट, हाडूक सगळं उचलून ठेवायचं. तो खात असताना ताटात हात घालून त्याची परीक्षा घेणारे लोक आहेत. त्यानं कुत्रा सहनशील होत नाही, ताटाची राखण करायला शिकतो. सकाळी मुलगी वाटीतले पोहे सांडत जमिनीवर बसलेली असते, तेव्हा ब्रूनो फाटकापलीकडे. सकाळी उन्हं तापायच्या आत त्याला भरपूर फिरवून आणा, आणि बाळ समोर असताना त्याच्याशी प्रेमानं बोला, खाऊ द्या. बाळ झोपल्यावरच लाड आणि बाळ जागं असताना नुसती हाकलाहाकली, असं झालं तर बाळ म्हणजे संकट असंच त्याच्या मनात बसेल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं. मुलगी त्याच्या कमरेवर हात टेकून उभी राहायला गेली. शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं पुष्कळ आढळतं, आणि दुखऱ्या जागी भार पडला तर कुणीही कळवळेल. तो उठताना अडखळतो का, जिना टाळतो का, ते बघा आणि खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. जवळच महूला १९५५ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येईल. दुखणं निघालं तर औषधानं निम्मा प्रश्न हलका होईल. त्याच फेरीत जंताच्या औषधाचं आणि गोचिडांचं विचारून घ्या. गोल जंतांची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जातात, म्हणून अंगणातली विष्ठा रोजच्या रोज उचला.

रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे चित्ररथ, दिवाळीचे फटाके, घरातला वाढदिवस : या दिवशी ब्रूनो सकाळपासून आतल्या खोलीत, पंखा आणि पाण्यासह. पाहुण्यांच्या मुलांना ‘बघा किती शांत आहे’ म्हणून त्याच्या अंगावर बसवू नका.

देऊन टाकण्याबद्दल मिस्टरांना सांगा की आज तशी वेळ नाही. पण तो बाळाकडे ताठ होऊन टक लावायला लागला, तिच्या अंगावर धावून गेला, किंवा घरात फाटकाचा नियम पाळलाच जात नाही असं दिसलं, तर तेव्हा द्यावं आणि त्यात कमीपणा नाही. लहान मुलं नसलेलं घर शोधा आणि घडलेलं सगळं त्यांना सांगून द्या. रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

प्रश्न : नातू सात वर्षांचा आहे, रॉटवायलरच हवा म्हणून हटून बसलाय. आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. ही जात सरकारनं बंद केली आहे ना?
– एक आजोबा, रामबाग

उत्तर : आजोबा, मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं २३ जाती बंद करण्याविषयी राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. घेण्याआधी महापालिकेच्या झोन कार्यालयात नोंदणीचे नियम विचारा. आणि हेही लक्षात असू द्या की पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी हलगर्जीपणानं घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर नाही असंच आहे. पूर्ण वाढलेला नर पन्नास किलोच्या वर जातो. त्यानं जिन्यात ओढ घेतली तर पट्टा तुमच्या हातात टिकेल का, हे विचारा. नातवाच्या हातात तर टिकणारच नाही. नातवाला कुत्र्याची माया हवी असेल तर लहान चणीचा, मुलांची सवय असलेला, स्वभाव कळलेला, वयानं मोठा कुत्रा बघा. पिल्लूच हवं असा हट्ट नको, पिल्लाचे दातही मुलांना रडवतात.

प्रश्न : खेळताना आमच्या लॅब्रॅडॉरचा दात मुलीच्या मनगटाला लागला. नुसतं खरचटलं, रक्त नाही. कुत्र्याची लस झालेली आहे. सासूबाईंनी हळद लावली. इंजेक्शन लागेल का?
– एक वाचक, टिळकनगर

उत्तर : पत्र छापून येईपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही, म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इतरांसाठी लिहिते. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तेल, तिखट काही नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रक्त न येता खरचटलं तरी लस घेण्याच्या गटातच ते मोडतं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं, द्यावं लागतं. सरकारी दवाखान्यात त्वचेत टोचायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. आपल्या कुत्र्याची लस झाली आहे म्हणून मुलीची नको, असं घरी बसून ठरवू नका. कुत्र्याचं लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवा, मग ते ठरवतील. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

कुत्र्याला दहा दिवस घरातच, नजरेसमोर ठेवा. तो खायचा थांबला, लाळ गाळू लागला, चाल बदलली किंवा घरातून निसटला, तर त्याच दिवशी मुलीच्या डॉक्टरांना आणि कुत्र्याच्या डॉक्टरांना, दोघांनाही कळवा.