जुन्या पिकअपला मजबूत मागचा एक्सल बसवता येतो का?

बसतो. पण आधी सांगा, वारंवार मोडतंय काय? वाशी मार्केटचा माल ओढताना नुसते हाफ शाफ्ट (एक्सलच्या आतले, चाकं फिरवणारे दांडे) तुटत असतील, तर फुल-फ्लोटिंग एक्सल घेण्यात अर्थ आहे. त्यात गाडीचं वजन हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) आणि हबच्या बेअरिंगवर येतं, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना एक्सल बघायला जाताना मोजपट्टी न्या. चाकांमधली रुंदी, कमानपाट्यांच्या बैठकांमधलं अंतर, चाकाचे बोल्ट, सगळं मोजा. दुकानदाराच्या ‘बसेल हो साहेब’वर जाऊ नका.

खरी गोम रेशोत आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा लांब दांडा) किती फेरे मारतो त्यात. ४.३ च्या जागी ४.९ चा क्राऊन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) आला, तर त्याच वेगाला इंजिन साधारण १४ टक्के जास्त फिरतं. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून असेल तर काटाही तेवढाच फुगवून दाखवतो. आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा-मागचा रेशो सारखाच हवा.

कमानपाट्यांच्या बैठका एक्सलवर आधी फक्त वेल्डिंगचा टाका मारून धरा. गाडी चाकांवर उभी करून पिनियनचा कोन (प्रोपेलर शाफ्ट जिथे एक्सलला जुळतो तिथला कल) जुळवा, मगच पक्कं वेल्डिंग. हे चुकलं की प्रोपेलर शाफ्ट थरथरतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजतो. ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबल बहुतेक वेळा नवीनच करावी लागते.

एक्सल दणकट झाला तरी चासी, ब्रेक जुनेच. आरसीवरचं वजन वाढत नाही. गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आरटीओत विचारूनच हात घाला.