‘शंभर टक्के लिहून द्या’: सलूनमधलं पातं आणि एचआयव्हीची भीती

सलूनमध्ये दाढी करताना कापलं. डास चावला. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या पंगतीला जेवलो. एसटीच्या सीटवर लाल डाग होता. निमित्तं वेगळी, प्रश्न एकच: ‘मला लागण झाली असेल का?’ हा प्रश्न समुपदेशनात इतक्या वेळा येतो की त्यातली एक हकिकत सविस्तर सांगावीशी वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय २७. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी. सात महिन्यांपूर्वी दाढी करताना हनुवटीखाली कापलं, आणि कारागिरानं पातं बदललं होतं का ते आठवेना. तेव्हापासून दाढी वाढवलेली, घरात ताट-तांब्या वेगळा, मुलीचा पापा घेणं बंद. टॉवेलवर तांबडा ठिपका दिसला की अख्खा गठ्ठा बाजूला. ठिपका असायचा रंगाचा. हातात रिपोर्टांची फाइल. सगळे निगेटिव्ह, शेवटचा सहा महिन्यांनंतरचा.

“मानेत गाठ लागालीय बघा, मॅडम.”

“दिवसातून किती वेळा दाबून बघता?”

“वीस-पंचवीस वेळा तर हमखास.”

इतकं दाबल्यावर कुठलीही जागा दुखणारच. भीतीनं तोंड कोरडं पडतं, जुलाब होतात, भूक मरून वजन उतरतं. मग माणूस रात्री मोबाइलवर लक्षणांची यादी उघडतो आणि ती तंतोतंत जुळते.

माहिती मी एकदाच देते, पण पूर्ण देते. एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्त चढवल्यानं, एकमेकांची सुई-सिरिंज वापरल्यानं आणि आईकडून बाळाला. ताट, पापा, संडास, डास यांतून नाही. पात्याचं म्हणाल तर बाहेर सुकलेल्या रक्तात हा विषाणू झपाट्यानं निकामी होतो. दवाखान्यात बाधित रुग्णाला टोचलेली सुई कर्मचाऱ्याला लागली, तरी अशा हजार प्रसंगांत सुमारे तीन जणांना लागण होते. ती सुई पोकळ असते, आत ताजं रक्त धरून ठेवते. वस्तऱ्यात घातलेलं अर्धं पातं सपाट, वर फेसानं-पाण्यानं पुसलेलं. नवं पातं मागून घ्यावंच, पण त्याचं खरं कारण हिपॅटायटिस बी; तो विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो. तपासणीचंही गणित ठरलेलं आहे. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी, बोटाच्या थेंबावरची झटपट चाचणी ९० दिवसांनी निर्णायक मानतात. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते आणि गोपनीय राहते. याचा हिशेब कधीच पूर्ण झाला होता.

त्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे शून्य न्हाई ना? शंभर टक्के काही होणार नाही, एवढं लिहून द्या की ओ.”

“शेवटचा रिपोर्ट हातात आल्यावर किती वेळ बरं वाटलं?”

तो थांबला. “अशोक चौक येईपर्यंत.”

“आणि मी लिहून दिलेला कागद कुठपर्यंत पुरेल?”

बराच वेळ तो फाइलच्या दोरीशी खेळत राहिला. मग मी विचारलं, “रोज गाडीवरून अक्कलकोट रोडनं ट्रकांच्या मधून जाता. संध्याकाळी सुखरूप घरी पोचाल असं कुणी लिहून दिलंय?”

“तिथं कोण लिहून देतंय ओ.”

“तरी जाता?”

“जावंच लागतंय की.” आणि स्वतःशीच, हळू आवाजात: “मग हितंच का मागालोय मी?”

माझ्या दृष्टीनं उपचार इथं सुरू झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर आहे, आणि या भीतीत ती मला फार उपयोगी वाटते. त्याला छळत होती ती पूर्ण खात्रीची मागणी. प्रत्येक रिपोर्ट, गूगलवरचा प्रत्येक शोध, बायकोला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या मागणीला खतपाणी घालत होता. खात्रीशिवाय जगणं त्याला येत होतंच. फक्त या एका बाबतीत तो ते स्वतःला नाकारत होता.

पुढचं काम कष्टाचं होतं. तपासण्या बंद. गाठ बघावीशी वाटली की आधी १५ मिनिटं थांबायचं, मग ३०, मग दिवसभर. भीती चढते, शिखरावर जाते आणि काही न करताही बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते, हे त्यानं वहीत वेळ लिहून स्वतः पाहिलं. बायको दिवसात दहादा ‘काही नाही झालं ओ तुम्हाला’ म्हणायची. तिनं एकच वाक्य धरलं: “अहो, उत्तर तुम्हाला माहीत आहे, मी परत देणार नाही. चला, पोरीला फिरवून आणू.” सलूनचीही पायरी-पायरी केली: आधी नुसतं बाकावर बसायचं, मग कात्रीनं केस, मग मशीननं दाढी, शेवटी पातं. घरी आल्यावर डेटॉल नाही, दोन तास आरसा नाही. इथं बरेच जण घसरतात. दाढी करतात आणि गुपचूप हनुवटी तपासतात. मग सगळी मेहनत वाया जाते.

जानेवारीत गुळगुळीत दाढी करून, मुलीला कडेवर घेऊन तो सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला गेला. भीती अधूनमधून डोकावते, पण ती आली म्हणून तो फाइल उघडत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. खरोखर जोखमीचा प्रसंग घडला असेल, म्हणजे निरोधशिवाय संबंध किंवा वापरलेली सुई, तर लाजून घरी बसू नये. ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, सरकारी रुग्णालयात जावं. गरज असल्यास २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करतात. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. आणि हे विचार रोज तासाहून जास्त वेळ खात असतील, काम सुटत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. त्यांनी दिलेल्या औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडू नयेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.