पक्ष नंतर, आधी पाण्याची वही

प्रिय मैत्रिणी,

महापालिका निवडणूक लढवायची म्हणतेस आणि पहिला प्रश्न विचारतेस तो पक्षाचा. त्याआधी मृणाल गोरे यांची कारकीर्द नीट समजून घे. 'पाणीवाली बाई' एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते नाव कशातून मिळालं, हे फारसं कुणी बघत नाही.

वैद्यकीय शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलात आल्या. 1958 साली पती केशव गोरे गेले. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न सभागृहात आणि रस्त्यावर, दोन्हीकडे लावून धरला. 'दोन्हीकडे' हे महत्त्वाचं. नुसत्या मोर्चाला आश्वासन मिळतं, नुसत्या अर्जाला आवक क्रमांक.

तू ज्या वस्तीत काम करतेस तिथली एक गल्ली निवड आणि महिनाभर वही ठेव: पाणी किती वाजता आलं, किती मिनिटं टिकलं, सुरुवातीला गढूळ होतं का. 20 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो तेही मोज. दोन मिनिटं लागली तर मिनिटाला 10 लिटर. पाणी 45 मिनिटं राहिलं तर 450 लिटर. त्या नळावर पाच घरांची पंचवीस माणसं असतील तर माणशी 18 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक दरडोई दररोज 135 लिटरचं आहे. हा हिशोब घेऊन गेलीस की साहेबांना 'बघतो' म्हणून सुटता येत नाही.

कारणही आधी शोध. गल्लीच्या तोंडाशी धो धो आणि शेवटी थेंब, तर मध्ये कुणीतरी लाइनला मोटर लावलेली असू शकते. सगळ्याच गल्लीचं पाणी अचानक कमी झालं तर गळती तरी असेल किंवा चावीवाला झडप कमी वेळ उघडत असेल. सुरुवातीला वास येत असेल तर गंजलेली जलवाहिनी गटाराजवळून जाते का ते बघ. चुकीचं कारण लिहून दिलंस की तेवढंच नाकारून फाइल बंद होते.

अर्ज विभाग कार्यालयातल्या जलकामे खात्याच्या सहाय्यक अभियंत्याला दे आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का घे. माहिती अधिकारात 'पाणी का येत नाही' असं विचारू नकोस. झडप उघडण्याच्या वेळापत्रकाची आणि दुरुस्तीच्या नोंदींची प्रत माग. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे, विषय एकच, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

आता पक्षाचं. 1972 च्या सुमारास महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा समाजवादी मृणालताईंबरोबर कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर होत्या. पक्ष वेगळे, रेशन आणि रॉकेलचा प्रश्न एक. 1972 मध्येच मृणालताई आमदार झाल्या, 1977 मध्ये जनता पक्षातर्फे खासदार. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा लोकांच्या अजून तोंडात आहे; 'दिल्लीवाली बाई' म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी. मला मात्र त्यांची नंतरची कामं मोठी वाटतात. गर्भलिंग चाचणीविरोधात त्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडलं. अशी, मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेली विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, पण सरकारला भूमिका घ्यायला लावतात. 1988 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशाचा कायदा यायला 1994 उजाडलं. शिवाय नागरी निवारा परिषदेमार्फत दिंडोशीत सुमारे 6 हजार घरं उभी राहिली. एवढ्या घरांमागे कमाल जमीन धारणेचे, म्हणजे शहरात कुणी किती जमीन ठेवायची याची मर्यादा घालणाऱ्या तेव्हाच्या कायद्याचे, कागद किती वर्षं उपसावे लागले असतील, याचा अंदाज कर.

तुझ्या गल्लीच्या कामाला पैसे हवेत तर तारखा सांभाळ. मुंबईत आयुक्त अर्थसंकल्प 5 फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीला सादर करतात, म्हणजे मागणी डिसेंबरच्या आत खात्यात पोचलेली हवी. तरतूद झाली म्हणून पेढे वाटू नकोस. पुढे निविदा, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) आणि रस्ता खोदायची परवानगी असते. पावसाळ्यात खोदकाम बंद, त्यामुळे कार्यादेश उन्हाळ्यात लांबला तर जलवाहिनी दिवाळीच्या आसपास पडते. या प्रत्येक टप्प्याची तारीख त्याच वहीत लिही.